मार्टिन लूथर यांचे घर आणि नाताळची देणगी

ख्रिस्तजन्माचा सण जवळ आला म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती घरांत एक गोड लपवाछपवी सुरू होते. बाजारच्या दिवशी बापाने आणिलेले नवे कापड आई पत्र्याच्या पेटीच्या तळाशी जुन्या लुगड्याखाली ठेविते. लाडवांचा डबा माळ्यावर चढतो. धाकट्यासाठी घेतलेली पिपाणी धान्याच्या कणगीत पुरली जाते. मुलांस सर्व काही ठाऊक असते, तरी आपणांस काहीच ठाऊक नाही असे ती दाखवितात. ही लपवाछपवी निर्दोष आहे, आणि तिच्यावाचून सणाची अर्धी गोडी जाईल.

परंतु कित्येक घरांत पेटीच्या तळाशी कापडाबरोबर दुसरीही एक गोष्ट दडविलेली असते. ती म्हणजे त्या कापडाची उधारी. नवऱ्याने किती कर्ज काढिले हे बायकोस ठाऊक नसते, आणि बायकोने किती पैसा बाजूस ठेविला हे नवऱ्यास ठाऊक नसते. सण सरतो, आणि जानेवारीत दुकानदार दाराशी उभा राहतो. मग ज्या घरात शांतीच्या अधिपतीचे गीत गाइले, त्याच घरात पैशावरून भांडण उभे राहते.

ह्या विषयावर पुष्कळ उपदेश करिता येईल. परंतु उपदेशापेक्षा एका घराची हकीकत अधिक उपयोगी पडेल असे वाटते. मार्टिन लूथर यांचे नाव आपणांपैकी लहान मुलांसही ठाऊक आहे. देवळाच्या दारावरील प्रबंध, वर्म्स येथील सभा, जर्मन भाषेतील बायबल, ह्या गोष्टी आपण साबाथ शाळेत ऐकिल्या आहेत. पण लूथर हे नवरा होते, बाप होते व घराचे यजमान होते, आणि किती द्यावे व किती राखावे हा प्रश्न त्यांच्या घरातही रोज उभा राहत असे, हे थोड्यांसच ठाऊक आहे.

मार्टिनचा जन्म 10 नोव्हेंबर 1483 रोजी जर्मनीतील आइस्लेबेन गावी झाला. दुसरा दिवस संत मार्टिनचा असल्यामुळे बाप्तिस्म्याच्या वेळी त्यास तेच नाव मिळाले. बाप हान्स हा कुणब्याच्या कुळातला. तो मान्सफेल्ड येथे जाऊन तांब्याच्या खाणीच्या धंद्यात शिरला व पुढे कष्टाने वर आला. आरंभीचे दिवस मात्र ओढीचे होते. आई मार्गारेटा जळणाची लाकडे रानातून पाठीवर वाहून आणीत असे. त्या घरात एकेका वस्तूची किंमत होती, आणि शिस्तही कडक होती. एकदा लहानग्या मार्टिनने न विचारिता एक अक्रोड घेतला, तेव्हा आईने त्यास रक्त येईपर्यंत मारिले, ही आठवण त्याच्या मनातून म्हातारपणापर्यंत गेली नाही. आईबापांचा हेतू चांगला होता हे तो जाणत असे. तथापि शिक्षेच्या काठीजवळ सफरचंदही असावे, असे पुढे स्वतः बाप झाल्यावर तो म्हणे.

शाळेसाठी तो मान्सफेल्डहून माग्देबुर्ग व तेथून आयझेनाख येथे गेला. आयझेनाख येथे इतर गरीब विद्यार्थ्यांबरोबर घरोघर गीते गाऊन तो भाकरी मागत असे. दुसऱ्याच्या दारी हात पसरणे काय असते, हे त्याने लहानपणीच अनुभविले. पुढे त्याच्या दारी आलेला याचक रिकाम्या हाताने सहसा परत गेला नाही, ह्याचे मूळ येथे आहे.

1501 मध्ये तो एर्फुर्टच्या विद्यापीठात गेला. मुलाने वकील व्हावे अशी बापाची इच्छा होती. पण 1505 च्या जुलै महिन्यात प्रवासात असताना स्टोटर्नहाइम गावाजवळ वादळात वीज अगदी जवळ पडली, आणि भीतीच्या भरात त्याने संन्यास घेण्याचा नवस केला. दोन आठवड्यांनी तो आगस्टिनच्या पंथाच्या मठात गेला. उपास, जागरणे, पापांगीकार ह्यांची त्याने पराकाष्ठा केली. देवाचे समाधान व्हावे म्हणून आपण काही तरी भरले पाहिजे, ही समजूत त्याच्या मनात घट्ट होती. परंतु किती भरले म्हणजे पुरे, हे त्यास कळेना. शेवटी विटेनबर्ग येथे पवित्र शास्त्राचा अध्यापक असताना, पौलाच्या पत्रांचा अभ्यास करिता करिता, त्याच्या अंतःकरणात प्रकाश पडला. तारण विकत घ्यावयाचे नाही, कमवावयाचेही नाही. ते देवाची फुकट देणगी आहे, आणि ती विश्वासाने केवळ घ्यावयाची आहे. पुढील सर्व चरित्र, घरातील सुद्धा, ह्या एका गोष्टीतून उगवले आहे.

त्या काळी क्षमापत्रांचा व्यापार जोरात होता. रोम येथील संत पेत्राच्या मंदिराकरिता पैसा पाहिजे होता, आणि माइन्त्स येथील आर्चबिशप आल्ब्रेख्त यास आपल्या पदासाठी काढिलेले कर्ज फेडावयाचे होते. तेव्हा पैसे देऊन क्षमापत्र घेतल्यास पापाच्या दंडातून सूट मिळते, मेलेल्या आप्तांसही मिळते, असे गावोगाव सांगण्यात येत असे. गरीब लोक पोटास चिमटा घेऊन पैसे भरीत. ह्याविरुद्ध लूथर यांनी 31 ऑक्टोबर 1517 रोजी 95 प्रबंध मांडिले. त्यांतील पुष्कळ प्रबंध पापक्षमेच्या तत्त्वाविषयी आहेत, हे आपण जाणतो. पण काही थेट घरखर्चाविषयी आहेत, तिकडे आपले लक्ष जात नाही. गरिबास देणे अथवा गरजवंतास उसने देणे हे क्षमापत्र घेण्यापेक्षा चांगले, असे 43 व्या प्रबंधात आहे. आणि 46 व्यात असे आहे की, ज्याच्यापाशी गरजेहून अधिक धन नाही, त्याने घरास लागेल तेवढे राखून ठेवावे व ते क्षमापत्रांवर उधळू नये. धर्माच्या नावाने देखील घरच्यांच्या तोंडचा घास काढू नये, हे लूथर यांनी सुधारणेच्या पहिल्याच दिवशी सांगितले.

1521 मध्ये वर्म्स येथे बादशहासमोर त्यांनी आपले लिखाण मागे घेण्यास नकार दिला. मग वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून असताना त्यांनी नवा करार जर्मन भाषेत आणिला व तो 1522 च्या सप्टेंबरात छापून निघाला. हा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे, म्हणून येथे थांबत नाही.

1523 च्या ईस्टरच्या सुमारास निम्ब्शेन येथील मठातून बारा जोगिणी पळाल्या. टोरगाऊ गावचा लिओनार्ड कोप्पे नावाचा व्यापारी मठास माल पुरवीत असे. त्याने आपल्या गाडीतून त्यांस बाहेर काढिले. त्यांपैकी नऊजणी विटेनबर्ग येथे आल्या. लूथर यांनी एकेकीची सोय लाविली. शेवटी कॅथरिना फोन बोरा ही एक राहिली. 13 जून 1525 रोजी लूथर यांनी तिच्याशी विवाह केला. ते 41 वर्षांचे होते व ती 26 वर्षांची. दोघांपाशीही धन नव्हते. एक मठातून पळालेली, दुसऱ्यावर बादशहाची बंदी.

लग्नास अहेर आले. विद्यापीठाने चांदीचा पेला दिला, नगराने पैसे दिले. त्यांत माइन्त्सच्या आर्चबिशप आल्ब्रेख्त यांजकडूनही 20 गुल्डेन आले. ज्याच्या कर्जासाठी क्षमापत्रे विकली गेली होती, तोच हा मनुष्य. लूथर यांनी ते नाणे परत करावयास सांगितले. परंतु कॅथरिनाबाईंनी ते ठेवून घेतले. ह्या पहिल्याच प्रसंगी नवराबायकोचे दोन स्वभाव दिसून आले. लूथर यांस पैशाचा तिटकारा होता. कॅथरिनाबाई चूल पेटवावयाच्या विचारात होत्या.

त्यांचे राहणे त्याच जुन्या मठात होते, आणि तो पुढे सॅक्सनीच्या अधिपतींनी त्यांस देऊन टाकिला. पगार प्रथम 200 व पुढे 300 गुल्डेन होता. लूथर यांची पुस्तके हजारांनी खपत, छापणारे श्रीमंत झाले. पण देवाने फुकट दिलेले आपण विकणार नाही, अशा विचाराने लूथर यांनी छापणाऱ्यांकडून मोबदला घेतला नाही. आणि घर तर सदा भरलेले. नातलगांची पोरकी मुले, विद्यार्थी, परदेशांतून पळून आलेले पाळक, आजारी माणसे, सर्व त्या एका घरात. दारी कोणी आला की लूथर हाताला लागेल ते देत. एकदा गरीब विद्यार्थ्यास देण्यास पैसा नव्हता, तेव्हा त्यांनी चांदीचा पेला उचलून दिला, आणि बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून तो हाताने चेपून त्याच्या हवाली केला, अशी गोष्ट सांगतात.

ह्याचा परिणाम काय झाला? 1527 च्या आरंभी लूथर यांच्यावर शंभराहून अधिक गुल्डेनांचे कर्ज होते, आणि चांदीचे पेले 50 गुल्डेनांस गहाण पडले होते. लोकांसाठी जामीन राहून राहून ही पाळी आली. तेव्हा त्यांचे मित्र, चित्रकार लुकास क्रानाख व सोनार क्रिस्टियन, ह्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. लूथर यांस पुरते नागविले जाऊ नये म्हणून त्यांनी त्यांचा एकट्याचा जामीन ह्यापुढे घेण्याचे नाकारिले. वाचकहो, ज्याचे मन मोठे आहे अशा मित्राचा हात वेळेवर धरणे, ही सुद्धा प्रीतीच होय.

आणि घरात कॅथरिनाबाईंनी दुसरा उपाय योजिला. लूथर यांनी एका मित्रास लग्नाचा अहेर म्हणून एक भांडे पाठविण्याचे लिहिले. परंतु पत्राच्या शेवटी त्यांस असे कळवावे लागले की, ते भांडे कॅथरिनाने लपवून ठेविले आहे. ही गोष्ट पुष्कळजण हसून सांगतात. पण क्षणभर त्या बाईंच्या जागी उभे राहून पाहा. पेले गहाण, जेवणारी तोंडे असंख्य, पदरी मूल, आणि यजमान घरातील उरलेले भांडेही देऊ करितात. कॅथरिनाबाई चिक्कू नव्हत्या. त्या पहाटे उठत, मळा पिकवीत, गाई, डुकरे व कोंबड्या पाळीत, तळ्यात मासे वाढवीत, विद्यार्थ्यांस खानावळ चालवीत, प्लेगच्या दिवसांत घराचे रुग्णालय करीत. त्यांनी जे लपविले ते स्वतःच्या अंगावर घालण्यासाठी लपविले नाही. त्यांनी राखिले म्हणूनच लूथर यांस देता आले.

मंडळीच्या पैशाविषयी तर लूथर फारच स्पष्ट होते. लाइस्निग गावच्या मंडळीने 1523 मध्ये गरिबांसाठी सामायिक पेटी ठेविली, तीस चार निरनिराळी कुलुपे होती. किल्ल्या सरदार, नगरसभा, नगरवासी व खेड्यांतील कुणबी अशा चार वर्गांच्या माणसांकडे असत, म्हणजे एकट्यास ती उघडता येत नसे. ह्या व्यवस्थेस लूथर यांनी प्रस्तावना लिहून दिली. देणाऱ्याचे नाव झाकलेले असावे, पण हिशेब उघडा असावा, हा धडा मंडळीने तेव्हापासून शिकावयाचा होता.

लूथर यांस सहा मुले झाली: हान्स, एलिझाबेथ, माग्दालेना, मार्टिन, पौल व मार्गारेटा. एलिझाबेथ आठ महिन्यांची होऊन वारली. ज्या मनुष्यास लहानपणी एका अक्रोडासाठी मार बसला, तो आपल्या मुलांशी कसा वागला, हे पाहण्यासारखे आहे. 1530 मध्ये आउग्सबुर्ग येथे धर्माची मोठी सभा भरली होती. बंदीमुळे लूथर यांस तेथे जाता येईना, म्हणून ते कोबुर्गच्या किल्ल्यात राहिले होते. जूनच्या आरंभी तेथे त्यांस बाप वारल्याची बातमी मिळाली. ते शास्त्र घेऊन एकांतात गेले व फार रडले. त्याच महिन्याच्या 19 तारखेस त्यांनी चार वर्षांच्या हान्सास पत्र लिहिले. त्यात एका सुंदर बागेचे वर्णन आहे. तेथे मुले सफरचंदे वेचितात, सोन्याचे लगाम असलेल्या लहान घोड्यांवर बसतात, शीळ घालतात व नगारे वाजवितात. आणि जी मुले प्रार्थना करितात, अभ्यास करितात, ती तेथे जातात. स्वतःचा बाप गेलेला, सभेत काय होईल ह्याची काळजी, आणि तशा वेळी मुलास ही देणगी! तिला कागद व शाई एवढाच खर्च आला, आणि आज सुमारे पाचशे वर्षे ती पुरत आहे. त्याच मुक्कामी न्युरेंबर्गहून साखरेचे एक मोठे सुरेख पुस्तक आले, तेही हान्ससाठी राखून ठेविल्याचे त्यांनी घरी कळविले, आणि ते त्या बागेतूनच आले आहे अशी गोड थाप मारिली.

दुसरा एक प्रसंग 1532 च्या फेब्रुवारीतला. सॅक्सनीचे अधिपती आजारी असल्यामुळे लूथर टोरगाऊ येथे गेले होते. तेथे जत्रा भरली होती, तरी मुलांस नेण्याजोगे त्यांस काही मिळेना. तेव्हा त्यांनी बायकोस लिहिले की, मला येथे काही सापडले नाही तर तू घरी काही तरी तयार ठेव. म्हणजे बाप घरी येणार, मुले त्याच्या हाताकडे पाहणार, आणि आईने आधीच दडवून ठेविलेली वस्तू बापाच्या नावाने बाहेर निघणार. जो मनुष्य बादशहापुढे डगमगला नाही, तो मुलांपुढे रिकाम्या हाताने जावयास भीत होता! आणि ज्या कपाटात बाईंनी भांडे लपविले, त्याच कपाटातून नवऱ्याची लाज राखणारी वस्तू निघावयाची होती. एक देणारा व एक राखणारी, अशी ती जोडी होती. एकमेकांवाचून दोघांचेही चालले नसते.

आता नाताळकडे वळू. त्या काळी जर्मनीत मुलांस भेटी देण्याचा दिवस 25 डिसेंबर नसून 6 डिसेंबर, म्हणजे संत निकोलाचा दिवस होता. निकोला हा चवथ्या शतकात आशिया मायनरातील मुरा नगराचा बिशप होता. एका गरीब मनुष्याच्या तीन मुलींची लग्ने होईनात, तेव्हा निकोलाने रात्री गुपचूप त्या घरात सोने टाकिले, अशी दंतकथा आहे. तिच्यावरून मुले झोपली असता भेटी ठेवून देण्याची व त्या निकोलाने आणिल्या असे सांगण्याची चाल पडली. गुप्तपणे देणे हे प्रभूच्या उपदेशास धरूनच आहे, ह्यात शंका नाही. पण काळाच्या ओघात मुले संताचा धावा करू लागली, आणि देणारा ख्रिस्त बाजूस राहिला.

लूथर यांनी ही चाल एका झटक्यात मोडिली नाही. 1535 च्या सुमारास त्यांच्या स्वतःच्या घरीही निकोलाच्या दिवशी मुलांस व चाकरांस भेटी देत असत. परंतु हळूहळू त्यांच्या घरात व सुधारलेल्या मंडळ्यांत भेटींचा दिवस ख्रिस्तजन्माकडे सरकला. हे कोणी आणिले, असे मुलांनी विचारिल्यावर ख्रिस्ताने, असे उत्तर मिळू लागले. तारीख बदलली एवढेच झाले नाही. सफरचंदाच्या मागे कोणाचा हात आहे, हे मुलांस दाखविण्यात आले.

त्याच सुमारास, 1535 मध्ये छापून निघालेले, लूथर यांनी मुलांसाठी रचिलेले ख्रिस्तजन्माचे गीत पंधरा कडव्यांचे आहे. त्या वेळी तरुणांच्या खेळात एक गाणे असे, त्यात दूर देशाहून आलेला पाहुणा बातमी सांगतो व कोडे घालितो. लूथर यांनी त्याच चालीवर आकाशातून आलेल्या दूताचे गाणे केले. दूत बातमी सांगतो, मग मुले गोठ्याकडे जातात, गवतावर निजलेल्या बाळकास पाहतात, आणि त्यास आपल्या अंतःकरणात निजावयास जागा देऊ करितात. ह्या गीतात देव देतो आणि मूल घेते; आणि मूल उलट देते ते काय, तर हृदयातला एक कोपरा. चार पैसे गाठीस नसलेल्या मुलासही ही देणगी देता येते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. लूथर आपल्या मुलांसह मेणबत्त्यांनी उजळलेल्या झाडाभोवती बसले आहेत, असे चित्र पुष्कळ पुस्तकांत आढळते. ते एकोणिसाव्या शतकातील चित्रकाराच्या कल्पनेतले आहे. लूथर यांच्या काळच्या लेखांत त्या झाडाचा पत्ता नाही. आपल्या अंगणात झाड उभे करण्यास माझी हरकत नाही. मात्र ते नसले म्हणून नाताळ उणा झाला, असे कोणी लूथर यांच्या नावाने म्हणू नये.

नाताळात लूथर जे उपदेश करीत, त्यांत ते मरीयेच्या गरिबीचे वर्णन असे करीत की ऐकणाऱ्यांस तो गोठा डोळ्यांपुढे दिसे. बेथलेहेमच्या लोकांनी गरोदर स्त्रीस जागा दिली नाही, म्हणून श्रोते हळहळत व मनात म्हणत, आम्ही तेथे असतो तर बाळाची दुपटी धुतली असती. तेव्हा लूथर त्यांस विचारीत, मग आता का करीत नाही? ख्रिस्त तुमच्या शेजाऱ्यात आहे. त्याची सेवा करा, म्हणजे ती ख्रिस्ताचीच झाली.

1542 हे वर्ष त्या घरास जड गेले. जानेवारीच्या 6 तारखेस, म्हणजे मागी लोकांनी बाळकास देणग्या आणिल्या त्याच्या सणाच्या दिवशी, लूथर यांनी आपले मृत्युपत्र केले. त्यात त्यांनी सर्व काही कॅथरिनाबाईंच्या स्वाधीन केले. विधवेने मुलांच्या हाताकडे पाहू नये, मुलांनी आईच्या हाताकडे पाहावे, असा त्यांचा विचार होता. 450 गुल्डेनांचे कर्ज त्यांनी उघड लिहिले. पेले, अंगठ्या, साखळ्या इत्यादी भेट म्हणून आलेल्या वस्तू सुमारे 1000 गुल्डेनांच्या आहेत, हेही लिहिले. आणि एक गोष्ट मुद्दाम लिहिली. आपल्या मागे दुष्ट लोक म्हणतील की हिने पैसा लपविला आहे. म्हणून लूथर यांनी साक्ष दिली की घरात रोकड नाही, ह्या वस्तूंपलीकडे काही नाही, आणि एवढ्या थोड्या मिळकतीत तिने इतके बांधिले, इतके विकत घेतले, ह्याचेच नवल वाटावे. ज्या नवऱ्याच्या हातून तिने भांडे लपविले होते, त्यानेच शेवटी सही करून तिच्या प्रामाणिकपणाची ग्वाही दिली. नवऱ्याने बायकोस ह्याहून मोठी कोणती भेट द्यावी?

त्याच वर्षी सप्टेंबरात तेरा वर्षांची माग्दालेना आजारी पडली. हान्स तेव्हा टोरगाऊ येथे शाळेत होता. बहिणीची त्याच्यावर फार माया, म्हणून त्यास बोलावून आणिले. बापाने खाटेशी गुडघे टेकून प्रार्थना केली. 20 सप्टेंबर रोजी त्यांच्याच बाहूंत तिने प्राण सोडिला. ती पित्याकडे गेली हे ठाऊक असूनही आपल्या दुःखाचे नवल वाटते, असे ते म्हणाले. पुढे नाताळ आला. हान्स शाळेत घरासाठी झुरू लागला. त्या सणाच्या दिवसांत लूथर यांनी त्यास व त्याच्या शिक्षकास पत्रे लिहून धीर धरावयास सांगितले. त्या नाताळात त्या घरी कोणती वस्तू आणून दुःख झाकता आले असते? ज्याच्या जन्माचा तो सण, त्याने मरणाचे दार उघडिले आहे, एवढी एकच देणगी तेव्हा उपयोगी पडली.

1546 च्या जानेवारीत मान्सफेल्डच्या सरदारांचा तंटा मिटविण्यासाठी लूथर थंडीतून आइस्लेबेनला गेले. तंटा मिटला, पण 18 फेब्रुवारी रोजी, जन्म झाला त्याच गावी, ते प्रभूकडे गेले. वय 62 होते. त्यांच्याजवळ मिळालेल्या शेवटच्या टिपणात आपण सारे भिकारी आहोत अशा अर्थाची कबुली होती. ज्याने आयुष्यभर दिले, त्याने शेवटी स्वतःस घेणाऱ्यांच्या रांगेत बसविले.

कॅथरिनाबाईंचे पुढचे दिवस कष्टाचे गेले. मृत्युपत्र सॅक्सनीच्या कायद्याच्या चौकटीत बसत नव्हते. अधिपतींनी ते मान्य केले, पण लगेच युद्ध उभे राहिले. बाईंस घर सोडून पळावे लागले, शेते उजाड झाली, जनावरे गेली. परत येऊन त्यांनी पुन्हा खानावळ मांडिली. 1552 मध्ये विटेनबर्गला प्लेग आला, तेव्हा त्या मुलांस घेऊन टोरगाऊकडे निघाल्या. वाटेत घोडे बुजले, बाई गाडीतून पडल्या, आणि ख्रिस्तजन्माच्या सणास पाच दिवस उरले असता, 20 डिसेंबर रोजी, टोरगाऊ येथे वारल्या. त्यांच्यापाशी लपविलेले धन निघाले नाही.

बंधुभगिनींनो, ह्या घराकडे पाहून आपण काय घ्यावे? मी स्वतः लहानपणी उधारीचा सदरा घालून नाताळच्या उपासनेस गेलो आहे, आणि त्या सदऱ्याचे पैसे फेडताना आईच्या तोंडावर जी चिंता दिसे ती मी विसरलो नाही. म्हणून पाळक या नात्याने चार शब्द लिहितो.

नाताळच्या खर्चाचा विचार नवराबायकोने दिवा लावून, एकत्र बसून, प्रार्थनेने करावा. घरात सुगीचे किती आले, मजुरीचे किती आले, फेडावयाचे किती आहे, हे दोघांसही ठाऊक असावे. मुलांपासून लाडू लपवावे. एकमेकांपासून कर्ज लपवू नये. शेजाऱ्याच्या मुलाचे कापड पाहून आपल्या मुलासाठी हप्त्याने घेऊ नये. क्षमापत्र विकत घेऊन देवाची कृपा मिळत नाही हे आपण मानितो. मग महाग वस्तू घेऊन मुलांची प्रीती विकत मिळते असे का मानावे? ज्याचा हात सैल आहे त्याने जोडीदाराचे ऐकावे. आणि ज्याचा हात घट्ट आहे त्याने आपण कोणासाठी राखितो, हे अधूनमधून देवापुढे तपासून पाहावे.

आणि पेटीत कापड ठेविताना आणखी एक गाठोडे बांधावे. ते आपल्या घरासाठी नसावे. गल्लीच्या टोकाला जी विधवा आहे, ज्या घरात ह्या वर्षी मरण झाले आहे, ज्या मुलाचा बाप कारखान्यावर ऊसतोडीस गेला आहे व सणास येणार नाही, त्याच्या दारी ते अंधार पडल्यावर ठेवून यावे. कोणी आणिले असे त्याने विचारिले तर आपले नाव सांगू नये. ख्रिस्ताने आणिले, असेच त्यास वाटू द्यावे. ते खोटे होणार नाही.

देवाने आपली देणगी बेथलेहेमच्या गोठ्यात अशी लपविली होती की राजास ती सापडली नाही, पण मेंढपाळांस सापडली. ती आपल्या प्रत्येकाच्या घरी ह्या सणात सापडो, हीच प्रार्थना.